दुपारच्या बातम्या

माझा बाबा मोबाइलचे टॉवर दुरुस्त करतो आणि आमच्या घरात रेंज फक्त बाथरूममध्ये येते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की हटकून विचारतात, "काय हो, घरात टॉवरवाला असून तुमचा फोन लागत कसा नाही?" बाबा म्हणतो, "डॉक्टरच्या घरात कुणी शिंकत नाही का?"

आता बाथरूममध्ये म्हणजे तिथेही सगळीकडे नाही. खिडकी उंचावर आहे. तिच्याखाली बादली पालथी घालायची, तिच्यावर उभं राहायचं आणि फोन गजाला टेकवायचा, मग दोन दांड्या दिसतात. हात जरा हलला की एक. सकाळची शाळा सुटली की मी एकला घरी येते. आई तेव्हा औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. बरोबर दीड वाजता मी त्या बादलीवर चढायचे आणि बाबाला व्हॉइस नोट पाठवायचे. तीन वर्षं, सुट्ट्या सोडून रोज.

फोन न करता नोट का, तर मी बोलताना अडखळते. पूर्वी फार, आता थोडी. सगळ्यात वाईट अक्षर 'प'. दुसरं कुठलंही असतं तर चाललं असतं, पण 'प' नसेल तर मराठीत जगणं कठीण आहे. 'पण' हाच शब्द घ्या. तो दर दोन मिनिटांनी लागतो. सहावीत असताना मी वर्गातली एकमेव मुलगी होते जी 'मात्र' म्हणायची. "मात्र बाई, मी वही आणली होती." सगळ्यांना वाटायचं मी शिष्ट आहे. कुणाकडे गेलं आणि तहान लागली तरी पाणी मागायचं नाही, स्वतः उठून घ्यायचं. त्यामुळे मी फार कामसू मुलगी आहे असाही एक गैरसमज झाला.

आणि लोक काय करतात, तर तुमचा शब्द पुरा करून देतात. मी "प... प..." करते आहे तोवर समोरचा "पेन? पट्टी? पुस्तक?" असा भाजीवाल्यासारखा माल मांडतो. आईसुद्धा. ती प्रेमाने करते हे मला कळतं, मात्र (बघा, लिहितानाही येतंच) त्याने तोंड आणखी बंद होतं.

बाबा कधीच तसं करायचा नाही. तो थांबायचा. भुवई न हलवता, घड्याळ न बघता थांबायचा. म्हणून नोटांची कल्पना त्याचीच. मी सहावीत होते, शाळेतून येऊन दप्तर फेकून रडत बसले होते, तेव्हा तो म्हणाला, "मी दुपारी टॉवरवर असतो, फोन घेता येत नाही. तू काय ते बोलून पाठव. हवा तेवढा वेळ घे. खाली उतरलो की ऐकत जाईन. हे फक्त तुझं-माझं."

फक्त तुझं-माझं. हे त्याचे शब्द आहेत, माझे नाहीत.

मग मी काय काय सांगितलं. कोण कुणाशी भांडलं, गणिताच्या सरांच्या शर्टाला लेबल तसंच होतं, कवितापाठाच्या आठवड्यात मी घसा बसल्याचं खोटं सांगून पाच दिवस खुणांनी कशी बोलले. ते तर आईलाही ठाऊक नव्हतं. ती बिचारी रोज गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावत होती. नोट कधी चाळीस सेकंदांची, कधी सहा मिनिटांची, त्यातली दोन मिनिटं एकाच शब्दाची. संध्याकाळी बाबा घरी आला की चपला काढता काढता म्हणायचा, "काय गं बातमीदार, मग पुढे काय झालं?" हे माझं खास नाव.

आणि हळूहळू, कसं ते मला सांगता येणार नाही, तोंड उघडायला लागलं. आठवीत मी वर्गात हात वर केला. नववीत तर मी गप्प बसावं म्हणून बाईंनी माझी जागा बदलली. बाक बदलण्याची शिक्षा झाली त्या दिवशी मी घरी नाचत आले.

तर यंदा शाळेत फोनच्या सुरक्षिततेचा आठवडा होता आणि शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर मैदानावर बोलायला कॉम्प्युटरच्या बाईंनी मला निवडलं. मला. बाईंनी हातात कागद दिला आणि मी तो वाचून हसायलाच लागले. पासवर्ड, पिन, पॅटर्न, प्रोफाइल, पोस्ट, आणि शेवटी: पाचवा नियम, परवानगीशिवाय कुणाचं काही पुढे पाठवू नका. म्हणजे कुणीतरी मुद्दाम वेचून वेचून 'प' काढून ठेवले होते.

"जमेल ना?" बाईंनी विचारलं.

"जमवते," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात आणखी एक आनंदाची गोष्ट झाली. शाळेच्या मागचा टॉवर वादळानंतर नीट चालत नव्हता, आमच्या बाजूची रेंज त्यामुळेच आणखी मेली होती. तो दुरुस्त करायचं काम बाबाच्या टोळीकडे आलं. एरवी तो दोन-दोन तास प्रवास करून जातो, आता घरापासून दहा मिनिटं. आई म्हणाली, "आता तरी आमची आंघोळीची खोली मोकळी होईल."

बुधवारी बाबा जवळचा चष्मा घरी विसरला. केबलवरचे नंबर चष्म्याशिवाय त्याला दिसत नाहीत. मी दीडची नोट पाठवली (त्यात भाषणाची पूर्ण तालीम होती, साडेचार मिनिटं), फोन तिथेच खिडकीत राहिला होता, एका तासाने तो वाजला, दुकानातून आई, बाबाचा निरोप सांगायला, तो बादलीवर चढून घेतला, आणि चष्मा घेऊन निघाले. बाबाच्या कामाच्या जागी मी पहिल्यांदाच जात होते.

तारेच्या कुंपणाच्या आत, टॉवरच्या पायाशी एक काका घडीच्या खुर्चीत बसले होते. एका हातात वॉकीटॉकी, मांडीवर प्लास्टिकचा डबा, नजर वर. वर तीन पिवळी हेल्मेटं दिसत होती, मुंग्यांएवढी. त्यातलं बाबाचं कुठलं ते कळेना.

"काका, माझे बाबा वर आहेत का? त्यांचा चष्मा राहिला होता घरी."

एकही 'प' नव्हता, मी स्वच्छ बोलले होते. काकांनी तरी मान वाकडी केली, लांबून ओळखीचं काही ऐकू यावं तशी.

"पुन्हा बोल बरं."

"चष्मा. बाबांचा."

"अगं, तू तर दुपारच्या बातम्या." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तोच आवाज. मी म्हटलंच."

"कसल्या बातम्या?"

"दीडच्या. आमच्या." त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "वरचे, ऐका. आज खुद्द बातम्या आल्यात, चष्मा घेऊन."

खरखर झाली आणि एक अनोळखी, हसरा आवाज आला. "लाइव्ह? मग आज किती धरायचे?"

त्यावर लगेच बाबाचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, घाईचा. "गप रे. खाली कोण आहे? तिला घरी पाठवा. मी उतरतोय."

मी काकांना विचारलं, "किती म्हणजे काय?"

त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मी आजही सांगते. असतं तर इतकं हौसेने सांगितलं नसतं. टॉवरवर चढताना खिशात फोन ठेवायचा नाही असा नियम आहे. वरून पडला तर खालच्याचं डोकं फुटेल. म्हणून सगळ्यांचे फोन खाली काकांच्या डब्यात. कुणाचा महत्त्वाचा निरोप आला तर काका तो वॉकीटॉकीवरून वर सांगतात. आणि दीड वाजता बाबाच्या फोनवर माझी नोट आली की ते काय करतात, तर फोन वॉकीटॉकीच्या तोंडाशी धरतात, बटण दाबतात आणि नोट लावतात. वॉकीटॉकीची ओळ एकच. एकाने ऐकलं की सगळ्यांनी ऐकलं.

"तीन वर्षं?"

"पहिल्यापासून. तुझे बाबाच म्हणाले, खाली उतरेपर्यंत दम निघत नाही, लावत जा. अगं, वर काय असतं, वारा आणि नटबोल्ट. तू आलीस की कसं घरात रेडिओ लागल्यासारखं वाटतं."

"आणि किती धरायचे?"

आता ते जरासे थबकले. "ती आपली गंमत. तू अडकतेस ना, 'प'ला. मग आधी प्रत्येकाने आकडा सांगायचा, आज सगळ्यात लांब अडकली तर किती वेळा 'प' म्हणेल. ज्याचा बरोबर, त्याला बाकीच्यांनी चहा द्यायचा. तुझ्या बाबांना कुणी हरवू शकत नाही बरं. सात म्हणाले की सात. म्हणतात, माझ्या पोरीला मी ओळखतो."

मी डब्याकडे बघत राहिले. काकांना वाटलं असावं, मी लाजले.

"घसा बसला होता ती नोट होती ना," ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी कुणी मोजलं नाही. सगळे गप्प होते. वरून एकजण म्हणाला, पोरीला सांगा, मीपण शाळेत असाच पळायचो."

म्हणजे तेही. गुळण्यांसकट.

डब्यात चार फोन होते, प्रत्येकाला पट्टी चिकटवलेली. बाबाच्या पट्टीवर त्याचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात 'दीड वाजता'. मी चष्मा त्याच्या फोनवर ठेवला. "आजची लावलीत?"

"नाही अजून. आज वर काम अवघड होतं. चहाच्या वेळी लावू म्हटलं."

मी तिथेच उभ्या उभ्या माझा फोन काढला आणि आजची नोट 'सगळ्यांसाठी डिलीट' केली. कालचीही गेली. मग मी वर वर सरकत राहिले, महिने, वर्षं. जुन्या नोटांवर बोट दाबलं की फोन एकच पर्याय दाखवत होता: 'फक्त माझ्यासाठी'. म्हणजे माझ्या फोनमधून माझा आवाज जाणार आणि त्या डब्यात राहणार. बाईंच्या कागदावर दुसरा नियम होता, ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसालाच पाठवा. मी तो नियम बाई शिकवायच्या तीन वर्षं आधीपासून पाळत होते.

टॉवरवरून उतरायला वीस मिनिटं लागतात. मी थांबले नाही.

संध्याकाळी बाबाने चपला काढल्या, पण 'काय गं बातमीदार' म्हणाला नाही. आई नुकतीच आली होती, खांद्याची पिशवीही तशीच होती. मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं, कारण आता तुझं-माझं असं काही उरलं नव्हतं.

"ते तुला हसत नव्हते गं," बाबा म्हणाला. "उलट वाट बघायचे. एक दिवस नोट आली नाही तर विचारायचे, पोर आजारी आहे का म्हणून."

"तू म्हणाला होतास तुझं-माझं."

"टॉवरवर तुझं-माझं राहत नाही. एकाच दोरीवर लटकलेले असतो आम्ही. एकमेकांचं सगळंच माहीत असतं."

"त्या दोरीवर मी कधी आले होते?"

तो खाली बघायला लागला. "चहाचं चुकलं. ते पहिल्यांदा झालं तेव्हाच थांबवायला हवं होतं. मला वाटलं... सगळे चिडीचूप व्हायचे तू अडकलीस की. कुणाला काय करावं कळायचं नाही. मोजायला लागले तर जरा हलकं झालं."

"कुणाला हलकं झालं?"

आईने पिशवी टेबलावर ठेवली. "एक सांगू? मी तीन वर्षं स्वतःची समजूत घालत होते. पोर माझ्याशी बोलत नाही, बापाशी बोलते, असू दे, निदान एका माणसाशी तरी बोलते. मी कधी म्हटलं नाही, मला ऐकवा. आणि तिथे अख्खी टोळी ऐकत होती."

"अगं, तिचं खासगी होतं म्हणून तुला..." बाबा म्हणाला आणि स्वतःच थांबला.

मला ओरडायचं होतं. मला म्हणायचं होतं, पुन्हा कधीही पाठवणार नाही. आणि राग आला की 'प' येतच नाही. "प... प... प..."

बाबा थांबला. नेहमीसारखा. भुवई न हलवता, घड्याळ न बघता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचार केला, हा थांबलाय की मोजतोय?

मी तो शब्द सोडून दिला आणि आत गेले.

गुरुवारी मी बाईंना सांगणार होते की घसा बसलाय. जुनं, खात्रीचं औषध. शाळेचं मैदान आणि टॉवर यांच्यात एक भिंत आहे फक्त. स्पीकरवर बोललेलं वर स्वच्छ ऐकू जाणार. मैदानावरची सातशे मुलं मला चालणार होती. वरचे तिघे मात्र नको होते. बाईंच्या टेबलापर्यंत मी गेलेही. तिथे उभी राहिले, घशाला हात लावला, आणि मला काकांचं वाक्य आठवलं. त्या दिवशी कुणी मोजलं नाही. म्हणजे मी खोटं बोलून गप्प बसले की त्यांना माझी दया येते, आणि बोलले की चहा मिळतो. दोन्ही नको होतं मला.

"काय गं?" बाई म्हणाल्या.

"बाई, मी शब्द थोडे बदलले तर चालतील ना?"

मग मी बसून सगळं भाषण पुन्हा लिहिलं, एकाही शब्दाची सुरुवात 'प'ने होणार नाही असं. हे माझ्याइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही, मी त्यात पीएचडी आहे. पासवर्डचा झाला गुप्त शब्द. पिनचे चार आकडे. पॅटर्नचं रेघांचं कुलूप. प्रोफाइलचं झालं आपलं खातं. पाचव्याचा शेवटचा नियम, परवानगीचा होकार. बसा म्हणावं वर आकडे लावत. शून्य. चहा कुणालाच नाही.

शुक्रवारी मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा तीन पिवळी हेल्मेटं वर होती. मी मुद्दाम बघितलं. मग बोलायला लागले आणि खरं सांगते, मजा यायला लागली. सलग, धबधब्यासारखी. "गुप्त शब्द म्हणजे टूथब्रश. घरातल्यांनाही वापरायला देत नाहीत." मुलं हसली. "चार आकड्यांत आपलं जन्मसाल टाकणारे हात वर करा." अर्ध्या शिक्षकांनी हात वर केले. मी गुप्त शब्द, कुलूप, खातं असं सगळं ओलांडत शेवटाला आले.

"शेवटचा नियम," मी म्हणाले. "कुणाचा फोटो, कुणाचं लिहिलेलं, कुणाचा आवाज, त्या माणसाच्या..."

होकाराशिवाय, असं लिहिलं होतं कागदावर. मी ते बघितलं आणि मला ते पुळचट वाटलं. होकार काय, मान हलवली तरी होतो. मला जे हवं होतं आणि तीन वर्षांत एकदाही कुणी मागितलं नव्हतं, त्याला एकच शब्द आहे. तो मी त्यांच्या चहापायी सोडून देणार होते.

"प... प... प..."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने कुजबुजत "पासवर्ड?" असं सुचवलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नाही. स्पीकरमधून माझा 'प' भिंतीवर जाऊन परत येत होता. मी घाई केली नाही. डोळे मिटले नाहीत. वर बघितलं, सरळ, त्या हेल्मेटांकडे, आणि किती झाले ते मी मोजले नाहीत.

"...परवानगीशिवाय," मी म्हणाले, "कुणालाही ऐकवू नका. प्रेमाने ऐकवत असाल तरी." हे 'प्रेमाने' कसं सुटलं देव जाणे, न अडकता आलं.

टाळ्या पडल्या. बाईंनी पाठीवर हात ठेवला. वर कुणी हललं की नाही ते उन्हात दिसलं नाही.

टॉवर त्याच दुपारी सुरू झाला. मी घरी आले तर स्वयंपाकघरात चार दांड्या, पलंगावर चार, दाराच्या मागेसुद्धा तीन. दीड वाजला. मी कॉटवर फोन घेऊन बसले आणि काहीच केलं नाही. बाथरूममध्ये बादली पालथीच होती, ती सरळ केली आणि नळाखाली ठेवली.

एक पन्नासला बाबाच्या नंबरवरून मेसेज आला: 'आजही बातम्या नाहीत का? – खालचे काका.' त्यांना कुणी काही सांगितलंच नसावं.

संध्याकाळी बाबा आला. चपला काढल्या आणि दारातच उभा राहिला. "ऐकलं," म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं."

"किती झाले?" मी विचारलं.

"मोजले नाहीत."

नसतीलही मोजले. त्याचा चेहरा खरं बोलणाऱ्या माणसाचा होता. पण गेली तीन वर्षं रोज संध्याकाळी 'मग पुढे काय झालं' विचारतानाही तो असाच होता.

"वॉकीटॉकीवर लावायचं बंद केलंय," तो म्हणाला. "काकांना उद्या नीट सांगतो. सोमवारपासून पाठवशील?"

"नाही."

तो थांबला. मी त्याला थांबू दिलं, हवा तेवढा वेळ.

"रविवारी घरी असशील ना," मी शेवटी म्हणाले, "तेव्हा बोलू. समोर बसून. आईपण असेल. आणि फोन बाहेर ठेवून ये."